टेकलेला हात

झाकणाचा कप घ्यायला ती त्या मोठ्या दुकानात शिरली होती. दोन्ही बाजूंनी धरता येईल असा, वर झाकण, झाकणाला चोच, आडवा झाला तरी सांडणार नाही असा कप. असले कप फक्त लहान मुलांच्या विभागात मिळतात हे तिला ठाऊक नव्हतं. सगळ्यांवर ससे, नाहीतर अस्वलं. अगदी खालच्या फळीवरून तिने बिनसशाचा एक निळा कप शोधून काढला, तेव्हा तिथल्या मुलीने कौतुकाने विचारलं, "बाळ किती महिन्यांचं आहे?" "मोठं आहे," ती म्हणाली आणि पैसे द्यायच्या रांगेत जाऊन उभी राहिली. रांग वह्या-पेनांच्या विभागाला वळसा घालून जात होती. तिथल्या खांबावर जाहिरातींचा एक पडदा लावलेला होता आणि त्या पडद्यावर तिच्या बाबांचा हात होता.

नुसता हात, मनगटापासून पुढचा. उजव्या अंगठ्याच्या नखावर खाच होती, ती बाबांच्या पुस्तकबांधणीच्या दुकानातल्या लोखंडी दाबयंत्रात बोट सापडलं होतं तेव्हाची; ती शाळेत होती, आणि बाबा बोटाला फडकं गुंडाळून घरी आले होते आणि आईला म्हणाले होते, काही नाही गं, नखच तर आहे. पडद्यावरच्या हाताने कागदाची घडी घातली, हाडाच्या पट्टीने ती दाबली, सुईत दोरा ओवून घडी घातलेल्या पानांचे गठ्ठे, फर्मे, एकमेकांना शिवले, करडं कापड पुठ्ठ्यावर ओढून बसवलं. मग तो हात तयार वहीवर टेकला आणि तीन सेकंद तसाच राहिला. अगदी स्थिर. खाली कंपनीचं नाव उमटलं, आणि घडीपासून सगळं पुन्हा सुरू झालं. रांगेतलं कुणी बघत नव्हतं. एका माणसाने बघितलं, पण तो वेळ बघत असावा, कारण लगेच त्याने मनगटावरच्या घड्याळाशी पडद्याच्या कोपऱ्यातली वेळ ताडून पाहिली. ती पाच वेळा बघेपर्यंत मागून कुणीतरी म्हणालं, "पुढे सरकता का?" ती सरकली. पहिल्या सहा सेकंदांमधला हात बाबांचा होता. शेवटचे तीन सेकंद तिचे होते, ते तिने केलेले होते, आणि हे त्या दुकानात तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

हे सगळं सुरू झालं ते बाबांनी दुकान बंद केलं तेव्हा. चाळीस वर्षं पुस्तकबांधणी केलेला माणूस. विद्यार्थ्यांचे प्रबंध, कचेऱ्यांची दप्तरं, कुणाच्या आजोबांची फाटकी पोथी, सगळं त्यांच्या हातून गेलेलं. मग प्रबंध नुसते संगणकावरच जमा व्हायला लागले, दप्तरं गेली, आणि बाबा एके दिवशी दाबयंत्र, दोन सुऱ्या आणि खळीचा डबा घेऊन घरी आले आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसले. त्याच खिडकीजवळ तिचं काम चालायचं. लोकांच्या साबणांचे, दिव्यांचे, चपलांचे फोटो काढायचे, छोटे व्हिडिओ करायचे. नोकरी कुणाची नाही, म्हणजे सगळ्यांचीच. बाबा बसल्या बसल्या बघायचे. एकदा तिची कसलीशी वही पाठीतून उसवली तशी त्यांनी ती हातात घेतली, उलटीपालटी केली आणि म्हणाले, "हे असं शिवतात? लाज नाही वाटत?" आणि सगळी वही सोडवून पुन्हा शिवून काढली. तिने सहज कॅमेरा लावला होता. तो व्हिडिओ तिने टाकला, लाखभर लोकांनी पाहिला, आणि तिसऱ्या दिवशी एका वह्यांच्या कंपनीतल्या बाईचा निरोप आला. हाय डिअर, अशी त्याची सुरुवात होती. नंतरच्या सगळ्या निरोपांची तशीच असायची, म्हणून बाबांनी त्या बाईचं नाव डिअरबाई ठेवलं.

डिअरबाईंनी खोका पाठवला. सहा वह्या, दोन पेनं, एक कार्ड. बाबांनी वह्यांचा वास घेतला आणि विचारलं, "किती देणार आहेत?" "बाबा, हे कोलॅब आहे," तिने समजावलं. "ते वस्तू देतात, आपण व्हिडिओ देतो. आपलं नाव होतं." "कुणाकडे होतं?" बाबांनी विचारलं. ती हसली. बाबा हसले नाहीत, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मग म्हणाले, "वह्या माझ्याकडे होत्या की. चाळीस वर्षं वह्याच होत्या." पण हात धुऊन ते टेबलाशी येऊन बसले आणि म्हणाले, "बोला साहेब, कुठून सुरू करू?" तेव्हापासून ती साहेब झाली. साहेब, उजेड बरा आहे का. साहेब, अस्तन्या वर करू का. तीही साहेबी करायची. बाबा, पुन्हा एकदा. बाबा, जरा सावकाश. बाबा, शेवटी हात वहीवर ठेवा आणि तीन आकडे मोजेपर्यंत हलू नका. तो टेकलेला हात तिनेच शोधून काढला होता. लोकांना तो आवडायचा. बघून शांत वाटतं, असं लिहायचे.

तिला पैसे मागता येत नव्हते. बाबांनाही येत नव्हतेच, पण त्यावर त्यांनी तोड काढली होती. दुकानात असताना काम झालं की ते एका कागदाच्या पट्टीवर पेन्सिलने दर लिहायचे आणि पट्टी पुस्तकात शेवटच्या पानाशी ठेवायचे. गिऱ्हाईक पुस्तक उघडून काम बघायचं, उलटत उलटत शेवटी पट्टीशी यायचं, तोवर बाबा पाठ करून दोरा गुंडाळत बसायचे. "तोंडाने मागायला मी काय शूर आहे?" ते म्हणायचे. "समोर माणूस आला की माझा दर निम्मा होतो. म्हणून आधीच लिहून ठेवायचं. कागदाला भीड नसते." तिला ते हेच सांगत राहिले. दुसरा खोका आला तेव्हा, पाचवा आला तेव्हा, विसावा आला तेव्हा. साहेब, चिठ्ठी ठेवा आत. आणि ती ठेवायची, म्हणजे ठेवायला बसायची. निरोप लिहायची, या वेळी माझं मानधन इतकं इतकं असेल, तो आकडा बघून तिची कानशिलं गरम व्हायची, मग आकडा कमी करायची, मग पुसायची, आणि शेवटी लिहायची की खोका मिळाला, खूप छान आहे. एकदाच तिने विचारून पाहिलं होतं, तेही इतक्या वळणांनी की डिअरबाईंना आधी कळलंच नाही. सध्या बजेट नाही डिअर, पण नातं तयार होतंय ना. तिच्या धंद्यातल्या मैत्रिणी तिला वेड्यात काढायच्या. दर पाठव, किती दिवस दाखवणार ते विचार, दुकानात लावणार असतील तर त्याचे वेगळे, सगळं लेखी. तिला सगळं पाठ होतं. तिच्या संगणकात 'दर' नावाची एक फाइलसुद्धा होती. एकतीस व्हिडिओ झाले आणि घरात एकशे ऐंशीच्या वर कोऱ्या वह्या जमल्या. कपाटात मावेनात म्हणून पलंगाखाली गेल्या.

कप घेऊन ती बाहेर पडली आणि घराकडे चालू लागली. बस घ्यायचं तिच्या डोक्यातच आलं नाही. ते तीन सेकंद तिच्या डोळ्यांपुढून हलेनात. कुठल्या व्हिडिओपासून तिने ते करायला सुरुवात केली होती हे तिला आता तारखेसकट माहीत होतं. अठरावा. त्यात हात वहीवर टेकला तेव्हा अंगठा आणि त्याशेजारचं बोट जरासं हललं होतं, एका लयीत, बोटांत कसलीतरी बारीक गोळी वळत असल्यासारखं. तिने पाहिलं आणि तिला कॅमेऱ्याच्या तिपाईचा राग आला. स्क्रू ढिला झाला असणार. तिने स्क्रू आवळला. एकोणिसाव्यात पुन्हा तेच, तेव्हा वाटलं खालून मालमोटार गेली असेल. संगणकावर त्यासाठी सोय असते. हातावरची एक जागा खुणेसाठी निवडायची, ती अंगठ्यावरची खाच निवडायची, एक कळ दाबायची, की ती जागा पडद्यावर खिळते. चित्राच्या कडा जराशा कापायच्या. मिनिटभराचं काम. हात एकदम शांत झाला आणि तिचा जीव भांड्यात पडला. पुढे ती ते न बघताच करायला लागली, कापडावरचा दोऱ्याचा तुकडा काढून टाकावा तसं. चौदा महिने. दर वेळी कडा आधीपेक्षा थोड्या जास्त कापाव्या लागत होत्या, आणि तेवढं तिला बरोबर कळत होतं. तिला त्यातलं एवढंच कळत होतं, याची आता तिला शरम वाटायची. शरम हा शब्दही तिला पुरेसा वाटायचा नाही.

कारण दिसत तर सगळं होतं. त्याच दिवसांत कधीतरी तिला टेबलाच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सापडली होती. "टेबल हलतंय," बाबा म्हणाले होते. तिने टेबल दाबून पाहिलं होतं, ते जागचं हललं नव्हतं, आणि तरी ती म्हणाली होती, हो, फरशीच वाकडी आहे. त्याच दिवसांत बाबा दुपारी तिच्या मागे येऊन उभे राहायचे. साहेब, आज काही काम नाही का. साहेब, डिअरबाईंचा खोका नाही आला. तिला वाटायचं, म्हाताऱ्याला हौस चढली. हात कामात असला की थांबतो आणि रिकामा टेकला की हलतो, हे बाबांनी स्वतःच्या मनाशी शोधून काढलं होतं आणि म्हणून ते काम मागत होते, फुकटचं का होईना, हे तिला पुढे डॉक्टरांच्या खोलीत कळलं. आणि आत्या. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, नजर घारीची आणि जीभ त्याहून. बाबांच्या हातातली चहाची बशी वाजली तशी ती म्हणाली, "तुझा हात हलतोय का रे?" बाबांनी हात मांडीखाली घेतला. "काहीतरीच काय आत्या," ती म्हणाली आणि फोन काढून तिने आदल्याच आठवड्यातला व्हिडिओ आत्याच्या नाकासमोर धरला. "बघ. आहे का हलत?" आत्याने चष्मा लावला, दोनदा बघितलं. "नाही बाई हलत," ती म्हणाली आणि मग आत्याच्या गुडघ्यांवर विषय गेला. बाबा त्या वेळी आपल्या लेकीकडे बघत होते. खूप वेळ बघत होते. तिला वाटलं होतं, कौतुकाने.

त्या नजरेपाशी आली की ती नेहमी थांबायची. आताही ती एका बंद दुकानाच्या पायरीशी थांबली, पिशवीतला कप उगाच चाचपला. डॉक्टरांनी विचारलं होतं, "कधीपासून हलतोय?" आणि तिने छातीठोकपणे सांगितलं होतं, "दोनेक महिने." बाबा शेजारी गप्प होते. डॉक्टरांनी त्यांचं कोपर वाकवून पाहिलं, बोटं आपटायला लावली, खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लावलं. कंपवात, ते म्हणाले. औषधाच्या गोळ्या लिहिता लिहिता, कुणालाही दोष न देता, ते असंही म्हणाले की थोडं आधी आला असतात तर बरं झालं असतं, गोळ्या आधी सुरू झाल्या असत्या, काही दिवस तरी हातात काम राहिलं असतं. त्या दुपारी तिने मूळ फाइली उघडल्या होत्या, न खिळवलेल्या. अठरापासून एकतीसपर्यंत. एकेका व्हिडिओत हात वहीवर येऊन टेकत होता आणि तिला सांगत होता. जगात दुसरी कोणती मुलगी आपल्या बापाचा हात इतक्या जवळून, इतका वेळ, एका सेकंदाचे पंचवीस तुकडे करून बघत असेल? नळ सोडून ती न्हाणीघराच्या फरशीवर बसली आणि रडली. बाबांना तिने काही सांगितलं नाही. त्यालाही आता वर्ष झालं, आणि वर्षभरात बत्तिसावा व्हिडिओ झाला नाही.

आणि चार दिवसांपूर्वी डिअरबाईंचा निरोप आला होता. हाय डिअर. या वर्षी आमच्याकडे बजेट आहे. तीन व्हिडिओ हवेत. तेच हात हवेत, आमच्या सगळ्यांचे लाडके. शेवटी तो वहीवर शांत टेकतो ना, तसाच टेकू दे. तुझा दर कळव. चार दिवस तिने त्याला उत्तर दिलं नव्हतं. नाही म्हणायचं हे ठरलंच होतं, फक्त ते लिहायचं राहिलं होतं.

घरी बाबा खिडकीशी बसून सदऱ्याचं बटण लावत होते. एका बटणाला आताशा पाच मिनिटं लागायची आणि कुणी मदतीला आलेलं त्यांना चालायचं नाही. तिने कप पुढे केला. त्यांनी तो फिरवून फिरवून पाहिला. "ससा नाही मिळाला?" ते म्हणाले. ती हसली आणि हसता हसताच तिने घाईघाईने सांगून टाकलं की दुकानात पडद्यावर तुमचा हात लावलाय. "कुठला?" "करड्या कापडाचा." "म्हणजे शेवटून तिसरा," बाबा म्हणाले. त्यांना पाठ होते. "दुकानात लावलाय? मग त्याचे वेगळे घ्यायला हवे होते." मग तिने निरोपाचंही सांगितलं, कारण आता लपवण्यात अर्थ नव्हता. बाबांनी बटण सोडलं. "देतायत? पैसे देतायत?" "हो." "मग बसलीस काय? चिठ्ठी लिही." त्यांच्या तोंडावर इतक्या दिवसांत न दिसलेलं काहीतरी आलं होतं, आणि तेच तिला बघवेना.

"बाबा, त्यांना शेवटचा हात हवाय. टेकलेला. तसाच."

"मग?"

"तो तसा नव्हता बाबा. तो हलत होता. मी तो संगणकावर थांबवायचे. अठराव्यापासून." ती खाली बघून बोलत होती. "मला वाटायचं तिपाई हलतेय."

बाबांनी खाली पाहिलं. मांडीवर त्यांचा हात आपल्या आपण गोळी वळत होता. "मला माहीत आहे," ते म्हणाले. "मी बघायचो ना व्हिडिओ. माझा हात मला कळत नाही का? टेबलावर हलायचा आणि फोनमध्ये गप्प. म्हटलं, साहेबांनी पुसला." ते जरासे हसले. "तू आत्याला दाखवलास त्या दिवशी मला वाटलं, पोरीला ठाऊक आहे, आणि तिला बोलायचं नाहीये. भीत असेल. मग मी कशाला बोलू? म्हटलं, ती सांभाळतेय तर आपणही सांभाळू."

"मला ठाऊक नव्हतं बाबा."

"नव्हतं?"

"नाही."

"असं होय," बाबा म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले. ते रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. तिच्या लक्षात आलं की तिने आत्ता त्यांच्याकडून काहीतरी काढून घेतलं. चौदा महिने या माणसाला वाटत होतं की आपण दोघं मिळून हे लपवतो आहोत. टेबलाखाली पुठ्ठा घालताना, मागे येऊन काम मागताना, हात मांडीखाली घेताना त्यांना सोबत होती, मुलीची. आणि आज त्यांना कळलं की ते सगळे दिवस ते एकटेच होते. डॉक्टर म्हणाले त्याहून हे वाईट होतं. तिला वाटलं, आपण गप्प बसायला हवं होतं, निदान एवढं तरी त्यांच्याकडे राहू द्यायला हवं होतं. पण बोललेलं परत घेता येत नाही, आणि ते पुसायची सोय कुठल्याही संगणकात नव्हती.

"पेन्सिल दे," बाबा खिडकीकडे बघतच म्हणाले. ती उठली नाही तसं त्यांनी पुन्हा म्हटलं. पलंगाखालच्या वहीचं एक पान फाडून, पट्टी करून तिने त्यांच्यापुढे ठेवली. त्यांचं अक्षर पूर्वी टपोरं होतं, आता मुंग्यांच्या रांगेएवढं झालं होतं आणि ओळीच्या शेवटाकडे आणखी बारीक होत जायचं. त्यांनी लिहिलं, काम, आणि आकडा. लिहिलं, दुकानात लावायचे वेगळे, आणि आकडा. लिहिलं, हात. त्यापुढचा आकडा लिहायला त्यांना सगळ्यात जास्त वेळ लागला आणि तो सगळ्यात मोठा होता. "एवढं नाही देणार कुणी," ती म्हणाली. "तू बघू नकोस," बाबा म्हणाले. "पाठ कर. दोरा गुंडाळ." तिने जसंच्या तसं टाइप केलं, खोका छान आहे वगैरे काही न लिहिता, आणि पाठवलं, आणि खरोखरच भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. अकरा मिनिटांनी फोन वाजला. चालेल डिअर. बिल पाठव.

एकच शब्द. तो गेली चार वर्षं तिथेच पडून होता, पलीकडे, अकरा मिनिटांवर. सहाव्या खोक्याच्या वेळी आकडा लिहून सरळ मागितला असता तरी मिळाला असता, सतराव्याच्या वेळी, हात चांगला होता तेव्हा. तिला आनंद व्हायला हवा होता, ते तिला कळत होतं, आणि झाला नव्हता. "काय म्हणाल्या?" बाबांनी विचारलं. "चालेल म्हणाल्या." "बघ," बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात जिंकल्याचं काही नव्हतं. थोड्या वेळाने तिने त्यांना म्हटलं की मी त्यांना खरं सांगते, हात हलतो म्हणून, हलताच दाखवू, आजकाल लोकांना तसलंच आवडतं, खरंखुरं. बाबांनी मान हलवली. "आजार विकायचा नाही," ते म्हणाले. "मी काम विकतो. आणि हे बघ, फुकटचं असतं तर कसंही चाललं असतं. आता पैसे घेतोय. नीट दिलं पाहिजे. आधी पुसायचीस ना? तसा पूस."

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन बरोबर टेबलावर आल्यावर त्यांनी काम सुरू केलं. सुई तिने ओवून दिली. खळ तिने कालवली. बाबांनी हात धुतले, अस्तन्या वर केल्या, पण साहेब म्हणाले नाहीत. घडी घालायला पूर्वी चार सेकंद लागायचे, आता हात कागदापर्यंत पोचायलाच तेवढे लागत होते, जणू मधली हवा घट्ट झाली होती. ती एकदाही म्हणाली नाही, बाबा, पुन्हा. फर्मे शिवून झाले, कापड बसलं, थोडं तिरकं बसलं, ते त्यांनी सोडवून पुन्हा बसवलं. दुपारचे दोन वाजले. मग त्यांनी हात वहीवर टेकवला आणि तोंडाने मोजलं. एक. दोन. तीन. कॅमेऱ्यामागे ती श्वास धरून उभी होती आणि या वेळी ती तिपाईकडे बघत नव्हती.

संध्याकाळी ती संगणकापुढे बसली. बाबा निळा कप दोन्ही हातांत धरून शेजारी खुर्ची ओढून बसले. हे ते पूर्वी कधी करत नसत. तिने अंगठ्यावरची खाच निवडली, खूण केली, कळ दाबली. हात थांबला. पडद्याच्या मधोमध तो वर्षापूर्वीसारखा शांत टेकलेला होता, एक रेषही हलत नव्हती. पण त्याच्याखालची वही हलत होती. करडं कापड हलत होतं, कात्री हलत होती, टेबलाची कड, कडेवरचं ऊन, खिडकीची सावली, सगळं त्या एका लयीत थरथरत होतं. पूर्वी हललं तरी इतकं थोडं असायचं की कडा कापल्या की दिसायचं नाही. आता कापायला कडाच उरत नव्हत्या. तिने दुसरी जागा निवडून पाहिली, तिसरी निवडली. दर वेळी हात थांबला आणि बाकीचं सगळं हललं. तिने हात मांडीवर ठेवले आणि बाबांकडे बघायचं टाळलं.

बाबा पुढे वाकले. चष्मा सारखा करून त्यांनी ते तीन सेकंद पाहिले, पुन्हा लाव म्हणाले, पुन्हा पाहिले. कपाच्या झाकणावर त्यांच्या नखाची टकटक ऐकू येत होती.

"हात स्थिर आहे," ते म्हणाले.

"हो."

"टेबल हलतंय."

तिने त्यांच्याकडे पाहिलं. ते पडद्याकडेच बघत होते, पण त्यांचा सगळा जीव कानांत होता, हे तिला कळलं. या वेळी तिला ठाऊक होतं, आणि तिला ठाऊक आहे हे त्यांना ठाऊक होतं.

"हो बाबा," ती म्हणाली. "टेबलच हलतंय."

ती उठली, खिडकीजवळच्या टेबलाशी जाऊन खाली बसली, पायाखालचा जुना पुठ्ठा काढला, त्याला आणखी एक घडी घातली, ती अंगठ्याने नीट दाबली आणि पुठ्ठा पुन्हा पायाखाली सरकवला.

"आता बघा," ती म्हणाली. बाबा कप ठेवून, भिंतीला धरत धरत आले आणि त्यांनी टेबलावर हात टेकवून पाहिला.